त्या मार्चची हिशेबाची वही

मैत्रिणींनो, पाडव्याच्या आधीची आवराआवर म्हणजे घराची वार्षिक तपासणीच, नाही का? परवा माळ्यावरून लोणच्याची मोठी बरणी काढायला गेले, तर तिच्यामागे सरकून बसलेला पत्र्याचा डबा हाताला लागला. आत जुन्या हिशेबाच्या वह्या. वरचीच होती २०२० सालची. सहज उघडली आणि हातातलं फडकं हातातच राहिलं. डाळ-तांदळाच्या त्या ओळींत करोनाचे पहिले पाच-सहा आठवडे जसेच्या तसे बसले होते.

पहिली नोंद अशी : ‘९ मार्च, सोमवार. होळी. हरभरा डाळ १ किलो, गूळ, गोवऱ्या, नारळ.’ पुरणपोळी झाली, होळीला नैवेद्य दाखवला आणि रात्री बातम्यांत ऐकलं की दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या दोघांना तो आजार झाला आहे. महाराष्ट्रातले ते पहिलेच रुग्ण. तोवर चीन, इटली असं ऐकत होतो. पुणं म्हणजे आमच्या लोणावळ्याहून लोकलने सव्वा-दीड तास! आमचे हे रोज त्याच लोकलने आकुर्डीला उतरून कारखान्यात जात. त्या रात्री मी त्यांना विचारलं, “उद्या धुळवडीची सुट्टी आहे, पण परवा जायलाच हवं का?” ते हसले. मीही हसले. पण झोप लागली नाही.

मी इथल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते, अर्धवेळ. १० मार्च हा सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी धुळवड होती, म्हणून ११ तारखेला मी मुलींना त्यांची गोष्ट सांगितली. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनी आजारी मुलाला उचलून दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना स्वतःला प्लेग झाला. सांगताना वाटत होतं, किती जुनी गोष्ट ही! आणि दोनच दिवसांनी, १३ मार्चला, सरकारने साथरोगाचा कायदा लागू केला. तो कायदाही १८९७ चाच, त्याच प्लेगसाठी केलेला. शहरांतल्या शाळा बंद झाल्या, त्यात आमचीही.

यानंतरची पानं बघून मला माझंच हसू आलं. ‘बटाटे १० किलो. साबण १२. फिनेल ३ बाटल्या. जंतुनाशकाची लहान बाटली, १८० रुपये.’ पुढे २१ मार्चला सरकारने २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची मर्यादा घातली, तोवर आमची खरेदी झालेली! आणि खरं तर जे काम ती बाटली करते तेच साधा साबण आणि पाणी करतं, वीस सेकंद हात चोळले म्हणजे झालं. बटाट्यांचं म्हणाल तर निम्म्यांना मोड आले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, साथ किती दिवस राहील ते देवाला माहीत, पण बटाटा किती दिवस राहतो ते तरी तुला माहीत होतं ना?”

अफवांचं तर विचारू नका. कोंबडी खाल्ल्याने होतो म्हणे! आपल्या मावळात किती घरांचा पोट भरण्याचा धंदा तो. शेडमधले पक्षी अक्षरशः मातीमोल भावाने गेले. उन्हाने मरतो, लसणाने मरतो, वर्तमानपत्राच्या कागदातून येतो. कोणी भाजी साबणाने धुवायला सांगे. (तशी कधीही धुऊ नका हं. साबण पोटात जातो. स्वच्छ पाणी पुरे.) फेब्रुवारीत परदेशी विमानाने गेलेले मावळचे गुलाब मार्चच्या अखेरीला शेतातच टाकून द्यायची वेळ आली. लग्नं नाहीत, देवळं बंद, मग फुलं घेणार कोण?

आता एक गोष्ट सांगते, जी वहीत लिहिलेली नाही. माझ्याकडे भांडी-लादीला मावशी येतात. कार्ल्याकडच्या एका गावातून सहा आसनी रिक्षाने. सकाळी आल्या की आधी चहा, मग काम, ही आमची रीत. त्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी त्यांचा कप वेगळा काढला. कान तुटलेला होता तो. खिडकीत ठेवला. मावशी काही बोलल्या नाहीत. चहा प्यायल्या, कप स्वतःच विसळून पुन्हा खिडकीत पालथा घातला. आजार आला विमानातून, परदेशवारी करून आलेल्यांबरोबर. आणि मी वेगळा काढला तो रिक्षातून येणाऱ्या बाईचा कप! ह्यांचा कप, जे रोज भरल्या लोकलमधून येत होते, तो मात्र कपाटातच होता. हे तेव्हा सुचलं नाही, ते आज लिहिताना लाज वाटते.

२२ मार्च, रविवार. जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाच वाजता आळीत थाळ्या वाजल्या. आमच्या दुसरीतल्या चिरंजीवांनी माझी पितळी परात अशी बडवली की तिचा पोचा अजून आहे. त्या दिवसापासून प्रवासी गाड्या बंद झाल्या. लोणावळेकराला घड्याळ लागत नाही. गाडीच्या आवाजावरून आम्ही कुकर लावतो. आता फक्त घाटातून मालगाडी वर येई तेव्हा मागून रेटणाऱ्या इंजिनांची धाप ऐकू यायची, आणि मग पुन्हा शांत. शेजारच्या वहिनींची मुलगी दहावीला होती. तिचा भूगोलाचा एकच पेपर राहिला होता, २३ मार्चचा. तो पुढे ढकलला आणि पुढे रद्दच झाला. पण तोवर बिचारी रोज नकाशा उघडून बसायची.

२५ मार्च, बुधवार. गुढीपाडवा. देशभरच्या एकवीस दिवसांच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. कडुनिंब दारात होता, साडी होती, तांब्या होता, पण साखरेच्या गाठी कुठून आणायच्या? सगळं बंद. सासूबाई म्हणाल्या, गुळाचा खडा बांधू. तेवढ्यात चिरंजीव फडताळातून चिक्कीचं पाकीट घेऊन आले. लोणावळ्यातल्या घरात चिक्कीचं पाकीट नाही असं होईल का? तीन वड्या दोऱ्यात ओवल्या आणि गुढीला बांधल्या. आयुष्यात पहिल्यांदाच चिक्कीची गुढी उभारली. सासूबाईंनी हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, “आमची आजी मानमोडीच्या गोष्टी सांगायची.” १९१८ सालच्या तापाच्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. एकाला पोचवून यावं तर दुसरा गेलेला, असं आजी सांगायची म्हणे. मी विचारलं, “मग लोक काय करायचे?” त्या म्हणाल्या, “काय करणार? ज्याच्या घरी चूल पेटायची तो शेजाऱ्याला पेज द्यायचा.”

त्याच आठवड्यात जुन्या हमरस्त्यावरून माणसं चालताना दिसू लागली. मुंबई-पनवेलकडून निघालेली, अख्खा घाट पायी चढून आलेली. डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं. कोणाला साताऱ्याकडे जायचं, कोणाला सोलापूरकडे, कोणाला पार कर्नाटकात. आळीतल्या आम्ही चौघींनी पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी कागदात बांधून दिली. किती दिली? चाळीस-पन्नास पुड्या. रस्ता संपत नव्हता, आणि आमची कणीक संपली. पुढे ८ एप्रिलला याच खंडाळ्यातून एका बड्या घरची तेवीस माणसं वरिष्ठ अधिकाऱ्याचं पत्र घेऊन मोटारींनी महाबळेश्वरला गेली, हे तुम्ही वाचलं असेलच. मला ती चालणारी माणसं आठवली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १ एप्रिल. महिन्याचा हिशेब. ह्यांच्या कारखान्याचा पगार येणार की अर्धा येणार, काही कळत नव्हतं. माझा प्रश्न मात्र सुटला होता. मी तासिकेवर शिकवते. शाळेने कळवलं होतं, जेवढे तास झाले तेवढेच पैसे. म्हणजे १४ मार्चपर्यंतचेच. वाईट वाटलं. तास मी बुडवले नव्हते, शाळा बंद होती! तो राग मनात ठेवूनच मी वही उघडली आणि लिहिलं : ‘मावशी – २१ दिवस –’ आणि भागाकार करू लागले.

सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. चष्म्यावरून वहीत डोकावल्या. “तुला शाळेने किती दिले?”

“झालेल्या तासांचे.”

“मग तुला कसं वाटलं?”

मी गप्प. त्यांनीही पुढे एक शब्द काढला नाही, तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. मी भागाकार खोडला. वहीत ती खाडाखोड अजून आहे, आणि तिच्यापुढे पूर्ण महिन्याची रक्कम.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, मावशींचं घर कशावर चालतं? त्यांचे मालक एकवीरेच्या पायथ्याशी नारळ-हारांचं दुकान लावतात. चैत्र सप्तमीची यात्रा म्हणजे त्यांची वर्षाची कमाई. मुंबई-रायगडचे कोळी, आगरी बांधव पालख्या घेऊन येतात, डोंगर गुलालाने लाल होतो. त्या वर्षी गडावर शुकशुकाट होता. म्हणजे त्या घरात यात्रा नाही, रिक्षा नाही, धुणीभांडी नाहीत. आणि मी दहा दिवस कापत होते!

पैसे पोचवायचे कसे? मावशींच्या गावाने वेशीवर बांबू आडवे टाकले होते. पण दूधवाले दादा त्याच बाजूने येत, दूध बंद नव्हतं. त्यांच्याकडे पाकीट दिलं. चार दिवसांनी त्यांच्याच हाती मावशींची कापडी पिशवी आली. आत कच्ची करवंदं, डोंगरातून तोडलेली.

मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू? त्या पिशवीला हात लावायची मला भीती वाटली. गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवली आणि आम्ही सगळे लांबून बघत बसलो, जसं काही आत साप आहे. संध्याकाळी सासूबाई उठल्या, पिशवी उचलली, करवंदं पाण्यात ओतली आणि हात साबणाने धुतले. “झालं! आता मोहरी कुट.”

त्या लोणच्याची कृती मागाहून कितीजणींनी विचारली, म्हणून देते. कच्ची करवंदं धुऊन कोरडी करून घ्या. चिरा देऊन बी काढा. चीक हाताला चिकटतो, म्हणून बोटांना तेल लावा. अर्धा किलोला साधारण पाऊण वाटी मीठ चोळून रात्रभर ठेवा. सुटलेलं पाणी टाकू नका. मोहरीची डाळ, थोडी मेथी तळून कुटलेली, हळद, तिखट आणि आवडत असेल तर गुळाचा बारीक चुरा घाला. हिंगाची फोडणी पूर्ण गार करून मगच ओता. फोडणी गरम ओतलीत तर लोणचं मऊ पडतं आणि टिकत नाही.

त्याच दिवसांत लोणावळ्याबद्दल एक चांगली बातमीही आली. करोनाच्या चाचणीचा देशात तयार झालेला पहिला मान्यताप्राप्त संच मायलॅब या पुण्याच्या कंपनीचा, आणि त्यांचा कारखाना इथेच, नांगरगावच्या औद्योगिक वसाहतीत. संशोधक गटाच्या प्रमुख होत्या मीनल दाखवे-भोसले. सहा आठवड्यांत काम पुरं करून १८ मार्चला संच तपासणीसाठी राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे दिला आणि त्यानंतर एका दिवसात त्यांना मुलगी झाली! २३ मार्चला मान्यताही मिळाली. परदेशी संचाला साडेचार हजारांच्या आसपास खर्च, हा बाराशे रुपयांत. आमच्या सासूबाईंनी हे ऐकून त्या न पाहिलेल्या बाळावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

वही मिटताना चार गोष्टी मनात आल्या, त्या तुमच्यासाठी.

सामान भरायचं तर पंधरा दिवसांचं भरा, आणि टिकणारं : डाळी, पोहे, गूळ, मीठ. तुम्ही जास्तीचं उचललेलं पोतं म्हणजे कोणाच्या तरी घरातलं कमी झालेलं पोतं असतं.

घरातल्या मोठ्यांची रोजची औषधं महिनाभराची असू द्या आणि त्यांची नावं, डॉक्टरांचा नि जवळच्या दोन माणसांचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून फडताळाच्या आत चिकटवा. फोन बंद पडला की डोकंही बंद पडतं.

आपण तेव्हा पिशव्या धूत बसलो, पण तो आजार मुख्यतः हवेतून, श्वासातून पसरतो हे पुढे कळलं. घरात कोणाला सर्दी-ताप असेल तर आधी खिडक्या उघडा, तोंडाला पट्टी बांधा, आणि आजाऱ्याला निराळी खोली द्या. निराळी वागणूक नको.

आणि चौथी : तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंशी आजच, काही संकट नसताना, ठरवून ठेवा. तुम्ही गावाला गेलात, रस्ते बंद झाले, तर पगार पूर्ण. त्या आजारी पडल्या तर अमुक दिवस भरपगारी. वहीत लिहून ठेवा. ऐन वेळी आपला हात भागाकाराकडेच जातो, हे मी स्वतःच्या अक्षरात पाहिलं आहे.

मावशी त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास पुन्हा कामावर आल्या. कान तुटलेला कप मी केव्हाच टाकून दिला होता. आल्या त्या दिवशी कपाटातल्या कपात चहा दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, खिडकीकडे एकदा बघितलं, आणि विचारलं, “लोणचं उरलंय का गं थोडं?”

पुढच्या अंकात उन्हाळी वाळवणांबद्दल बोलू.