सही झाली, किल्ली कुठे?

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने रचली, त्याला भाड्याची खोली शोधावी लागली नसावी. नाहीतर त्याने तिसरा चरणही जोडला असता!

माझ्या एका वर्गमित्राने जूनमध्ये बदलापुरात खोली ठरवली. स्टँपपेपरवर दोघांच्या सह्या झाल्या, डिपॉझिट दिले. सामान हलवायच्या आदल्या दिवशी घरमालकाचा निरोप आला, “खोली दुसऱ्याला दिली. पैसे घेऊन जा.” पैसे परत मिळाले, मग तक्रार कसली, असे पुष्कळांनी विचारले. मला ते पटत नाही. दलाली बुडाली, जुनी खोली सुटली, त्याचे काय? वचन मोडल्याने होणारे नुकसान मोडणाऱ्याने भरून द्यावे, असे १८७२ चा करार कायदा (कलम ७३) सांगतो. पण पाच-सात हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? म्हणून सावधगिरी आधीच हवी.

‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज अंबरनाथपासून उल्हासनगरपर्यंत घट्ट रुजलेला आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा ‘लीव्ह अँड लायसेन्स’चा प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. ही जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही! शिवाय नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

घरमालकाची भीतीही खोटी नाही. भाडेकरू जागा सोडणार नाही, या धास्तीने तो कागद टाळतो. परंतु लायसेन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची सोय त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे, आणि तिथे नोंदलेला करारच त्याच्या कामी येतो. म्हणजे नोंदणी दोघांच्याही हिताची.

१९४७ नंतर निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार थाटले आणि त्यातून उल्हासनगर उभे राहिले. डोक्यावरच्या छपराची किंमत या भागाला कुणी शिकवायला नको. तरीही आपण नोंदणीचा आग्रह धरताना संकोचतो, जणू मालकावर अविश्वासच दाखवतो आहोत! मित्रहो, हा संकोच सोडा. नोंदणीच्या दिवसापर्यंत पूर्ण डिपॉझिट देऊ नका. जे द्याल त्याची पावती घ्या. कायद्याने जे मालकाचे कर्तव्य आहे, ते मागण्यात उद्धटपणा नाही.