द्विजाचा तिसरा जन्म

अमरकोशांत ‘द्विज’ या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत: ब्राह्मण, अंडज प्राणी आणि दांत. दुधाचा दांत पडून पुन्हां येतो, म्हणून तो द्विज. हा दुसराहि पडला म्हणजे त, थ, द, ध हे दन्त्य वर्ण नीट उमटत नाहींत, भाकरी सुटते, आणि वडील माणसें पंक्तीस बसण्याचें टाळूं लागतात.

तिसऱ्या जन्माची वाट स्वीडन देशांत सांपडली. १९५२ च्या सुमारास ब्रोनेमार्क यांस सशाच्या हाडांत बसविलेलें टायटॅनियम हाडाशीं एकजीव झालेलें आढळलें. १९६५ सालीं त्यांनीं गोथेनबर्ग येथें एका रुग्णाच्या जबड्यांत त्या धातूचे खुंट बसविले. यांसच हल्लीं इंप्लांट म्हणतात. खुंट रुजण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात. मग त्यावर दांत चढवितात.

आतां या कामीं संगणक आला आहे. सी.बी.सी.टी. नांवाच्या क्ष-किरण यंत्रानें जबड्याचें त्रिमित चित्र घेतात. दुसरें यंत्र दांतांचा व हिरड्यांचा पृष्ठभाग टिपतें. दोन्ही चित्रें पडद्यावर जुळवून दंतवैद्य प्रथम हवा तो दांत रेखाटतो, आणि त्यास अनुरूप असा खुंट कोठें, किती खोल व किती तिरपा हवा हें मागाहून ठरवितो. साध्य आधीं, साधन नंतर. त्या आराखड्यावरून एक साचा छापतात. साच्याच्या भोकांतूनच गिरमिट हाडांत उतरतें. मूल कित्ता गिरवितें तसा वैद्याचा हात आंखलेल्या वाटेनें चालतो. वरचा दांत पुष्कळदां झिर्कोनियाच्या ठोकळ्यांतून यंत्र कोरतें. सुमारें १५०० अंश सेंटिग्रेडच्या भट्टींत तो जवळजवळ पंचमांशानें आकसतो; म्हणून तो त्या हिशेबानें मुद्दाम मोठाच कोरलेला असतो.

तथापि यंत्र आलें म्हणजे चूक संपली, असें कोणीं समजूं नये. साच्यानें बसविलेला खुंटहि योजलेल्या जागेपासून सरासरीनें एक ते दीड मिलीमीटर सरकतो, असें पाहणींत आढळलें आहे. खालच्या जबड्यांतून ओठास संवेदना देणारा मज्जातंतु जातो. त्यास इजा झाली तर ओठ बधिर होतो, क्वचित् कायमचाच. म्हणून आराखड्यांत त्यापासून निदान २ मिलीमीटर अंतर राखतात. यंत्राची चूक गृहीत धरून ही सोय केलेली आहे. तें अंतर राखण्याइतकें हाड नसेल, तर थांबण्याचा निर्णय वैद्यासच घ्यावा लागतो. तो संगणक घेत नाहीं.

खर्च मोठा असल्यामुळें घरच्या कर्त्या माणसांनीं आधीं चार गोष्टी विचाराव्या. हाड पुरेसें आहे काय? मधुमेह ताब्यांत आहे काय? तंबाखू सुटली आहे काय? आणि खुंट खरोखर किती लागतील? खालचे सर्व दांत गेले असले, तरी दोन खुंटांच्या आधारानें कवळी घट्ट बसते. 

शेवटीं एक सूचना. कृत्रिम दांत किडत नाहीं, पण त्याभोंवतालची हिरडी सुजते व हाड झिजतें. तेव्हां तिसरा जन्म पावलेल्या द्विजासहि रोजचें प्रातःकर्म चुकत नाहीं.