दालीची घड्याळे आणि आपले हौशी सापेक्षतावादी

एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत एक विधान हमखास भेटते: आइनस्टाइनने काळाची कल्पना बदलली, म्हणून साल्वादोर दालीने वितळणारी घड्याळे रंगवली. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे आपणच, शिकवणाऱ्यांनी, त्यांना उतरवून दिले आहे. अतिवास्तववादावर लिहिताना 'विज्ञानयुग' हा शब्द एकदा टाकला की पुढे काही सिद्ध करावे लागत नाही, अशी आपली समजूत आहे.

'स्मृतीचे सातत्य' हे चित्र १९३१ चे. त्याचा उगम दालीने १९४२ च्या आत्मचरित्रात सांगितला आहे: जेवणानंतर समोर उरलेले मऊ कामांबेर चीज. दालीच्या शब्दावर किती विसंबावे हा प्रश्न आहेच. पण त्याचे म्हणणे बाजूला ठेवले तरी भौतिकशास्त्र आपल्या मदतीला येत नाही. सापेक्षतावादात घड्याळ मऊ पडत नाही. प्रत्येक निरीक्षकाचे घड्याळ त्याच्यापुरते चोख चालते आणि दोन घड्याळांतला फरक गणिताने काटेकोर काढता येतो. सांगवीतला विद्यार्थी मोबाईलवर बारामतीचा रस्ता शोधतो, तेव्हा उपग्रहांवरील घड्याळांचा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंदांचा फरक आधीच जमेस धरलेला असतो. त्यात स्वप्न कुठे आले?

नाते मुळीच नाही, असे नव्हे. आंद्रे ब्रतोंने १९३६ साली 'वस्तूचे अरिष्ट' या निबंधात बाश्लारच्या विज्ञानविचाराचा आधार घेतला. दालीही अणूकडे वळला, पण हिरोशिमानंतर. १९५२-५४ मध्ये त्याने तेच घड्याळांचे चित्र पुन्हा रंगवले आणि त्यातली भूमी सुट्या ठोकळ्यांत फोडली. तोवर ब्रतोंच्या गटाने त्याला केव्हाच बाहेर काढले होते! हा क्रमच आपल्या टिपणांतून गळतो.

'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा आग्रह धरला. तो पुरेसा आहे असे मला वाटत नाही. पण तो वर्षानुवर्षे शिकवणारे आपण चित्रासमोर आलो की चित्र सोडून आइनस्टाइनला हाक मारतो. खुद्द मर्ढेकरांच्या कवितेवरही 'यंत्रयुग' आणि 'अतिवास्तव' असे शिक्के मारून आपण मोकळे होतो.

दालीच्या त्या चित्रात घड्याळे चार आहेत. तीन लोंबतात, चौथे, मुंग्यांनी भरलेले, चांगले टणक आहे. मागचे कडेही टणक आहेत. सापेक्षतावादाने ते चौथे घड्याळ का बरे सोडले? पुढच्या प्रश्नपत्रिकेत एवढेच विचारून पाहावे.