आजीचा रेग्युलेटर

परवा वीरला गेलो, तर भाचा रेझिस्टरचे रंग घोकत बसलेला. काळा शून्य, तपकिरी एक... कार्बन फिल्म, मेटल फिल्म, वायरवाउंड, सगळं पाठ! पण वायरवाउंड पाहिलायस का? नाही. मग माळ्यावरून पंख्याचा जुना रेग्युलेटर काढून उघडला. आत तारेची गुंडाळी.

आजी मे महिन्यातही पंखा एकवरच ठेवायची, बिल वाचावं म्हणून. वाचायच्या विजेतली बरीचशी या तारेतच तापून जायची, हे तिला कुणी सांगितलंच नाही. मीही नाही, आणि मी तर तेव्हा डिप्लोमा करत होतो!

माझं मत विचाराल तर रंग नंतर शिकवा, आधी हा डबा उघडून दाखवा.

भाचा म्हणाला, "म्हणजे पणजी उगाच उकाड्यात बसायची?"