ती काही उचलून नेण्याचं सामान नाही

आमच्या समुपदेशन केंद्रावर एक फोन ठरलेला असतो. "ताई, आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर एक बाई पडून असते. घाण करते, एकटीच बडबडते. तुमची माणसं पाठवा आणि तिला घेऊन जा." फोन करणाऱ्या बहुतेक वेळा बायकाच असतात. आठ मार्चच्या मोर्चात आपल्याबरोबर चालणाऱ्याही त्यात असतात. कुठे घेऊन जायचं, असं विचारलं की उत्तर येतं, "कुठंतरी. सरकारची काहीतरी सोय असेलच ना!"

या 'कुठंतरी'बद्दल आपल्या गटांमध्ये स्पष्ट बोलायची वेळ आली आहे.

पहिलं 'कुठंतरी' म्हणजे भिक्षेकरी गृह. १९५९चा मुंबई भीक प्रतिबंध कायदा आपल्यापैकी किती जणींनी वाचला आहे? हात पसरणारा माणूस एवढीच त्यातली भिक्षेकऱ्याची व्याख्या नाही. उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणारी किंवा थांबणारी, भिकेवर जगत असावी असं जिच्याकडे पाहून वाटेल, अशी कोणीही व्यक्ती त्यात बसते. पोलीस तिला वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं डांबण्याची तरतूद आहे, पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. मैत्रिणींनो, 'उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नाही' ही ओळ नीट वाचा. दिवसभर राबूनही जिच्या नावावर दमडी नाही, अशा आपल्याकडच्या लाखो गृहिणी या वर्णनात बसतील. त्यांच्या डोक्यावर नवऱ्याचं छप्पर आहे एवढाच फरक. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली हाच कायदा तिथे लागू करणारी बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात मात्र भिक्षागृहात काम करणाऱ्यांना १९६४ पासून महिन्याला पाच रुपये मेहनताना होता. तो दिवसाला चाळीस रुपये करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला २०२५ साली. ही आपली 'सोय'!

दुसरं 'कुठंतरी' म्हणजे मनोरुग्णालय. रस्त्यावरची बाई बडबडली की ती 'वेडी', हे आपण किती पटकन ठरवतो! रात्रभर जागी राहणारी, दिवसा दुकानाच्या पायरीवर तुकड्यातुकड्याने झोपणारी बाई कशी बोलेल असं आपल्याला वाटतं? त्यातल्या काही जणी खरोखर आजारी असतात, त्यांना उपचार मिळालेच पाहिजेत. पण २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की अशा व्यक्तीला पोलीस कोठडीत ठेवता येणार नाही. चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, ती हरवल्याची नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा. हे पोलिसांचं कर्तव्य आहे. हे कर्तव्य करून घ्यायला तिच्या बाजूने उभं राहणारं कोणी लागतं. नुसती गाडी बोलावणारी शेजारीण तिथे उपयोगाची नाही.

आता प्रश्न असा की ती त्या कोपऱ्यावर आली कुठून?

माझ्या राहत्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी असतात. तीन वर्षांची आमची ओळख आहे. त्या भीक मागत नाहीत. संध्याकाळच्या चायनीजच्या गाडीवर लसूण सोलून देतात, सकाळी भाजीवालीच्या जुड्या बांधतात. नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलं. माहेरी जावं तर तिथला हक्क वडील वारले तेव्हाच अंगठा उठवून भावांना सोडून दिलेला. "भावानं लुगडं-चोळी केली, ताई. त्या दिवशी जेवायला पुरणपोळी होती," असं त्या सांगतात. एका लुगड्यात माहेर संपलं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला, २००५ साली तो देशभर आला. आणि अजूनही तलाठ्याकडे हक्कसोड करून देणाऱ्या बहिणीला आपण 'समजूतदार' म्हणतो. फूटपाथवर झोपण्याची पहिली पायरी त्या समजूतदारपणात असते.

१९८८च्या संगमनेरच्या परित्यक्ता परिषदेपासून आपली चळवळ टाकलेल्या बायकांच्या घराबद्दल आणि रेशनकार्डाबद्दल बोलते आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, तो आपल्याच लढ्यातून. केंद्रात आलेल्या बाईला आपण सांगतो, मार सहन करू नकोस. पण घर सोडलेल्या ज्या बाईला आपल्या केंद्राचा पत्ता सापडला नाही, ती आपल्याच कोपऱ्यावर बसलेली दिसली की ती आपल्या लेखी 'केस'सुद्धा राहत नाही, उपद्रव होते. मारणाऱ्या नवऱ्याचं घर सोडण्याचं धाडस हवं आणि ते धाडस करून रस्त्यावर आलेली बाई मात्र दृष्टीआड हवी, ही आपली दुटप्पी भूमिका आहे.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला अंतर राखायला शिकवलं गेलं. केंद्राच्या टेबलाशी ते ठीक आहे. पण शेजारणीशी अंतर राखून शेजार होत नाही. मी इथे 'मैत्री' हाच शब्द वापरते, 'सेवा' नाही. मैत्री म्हणजे तिच्यासमोर उभं राहून वाकून न बोलता शेजारी बसणं. पहिल्याच दिवशी 'घर का सोडलं?' असं न विचारणं. न विचारता फोटो न काढणं, गाठोड्याला हात न लावणं. उरलंसुरलं ताटात घालून पुण्य न कमावणं. तिला काय हवं ते तिलाच विचारणं. मावशींना माझ्याकडून जेवण नको होतं. आठवड्यातून दोनदा दार बंद करून आंघोळ करायला जागा आणि कागद ठेवायला कुलूप लागणारी पेटी, एवढंच हवं होतं. फूटपाथ मोकळा करायला गाडी येते तेव्हा गाठोडं जातं, त्याबरोबर आधारकार्ड जातं, आणि मग रेशन, पेन्शन, दवाखान्यातली सवलत सगळंच जातं. आम्ही गल्लीतल्या चौघीजणींनी मिळून ती पेटी एका दुकानात ठेवली आहे.

आणि ही देवाणघेवाण एकतर्फी नाही. संध्याकाळच्या क्लासहून येणाऱ्या मुलींच्या मागे कोण चालतो, कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे, हे गल्लीत सगळ्यात आधी मावशींना कळतं. रात्रीच्या रस्त्याची माहिती आपल्या कुठल्याही पाहणीपेक्षा त्यांच्याकडे जास्त आहे.

"मग काय तिला रस्त्यावरच ठेवायचं?" असं विचारलं जाईल. नाही. "आणि मैत्री करून बेघरपणा संपतो का?" तोही नाही. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे पावणेअठरा लाख बेघर नोंदले गेले, महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त. एकेक पेटी ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अन्नहक्काच्या खटल्यात निवाऱ्यांचा प्रश्न हाती घेतला, आणि मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक, चोवीस तास व वर्षभर उघडा निवारा हा निकष पुढे आला. २०११ला मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे एकट्या मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. आपापल्या शहराचा हिशेब करा आणि त्यातले बायकांसाठी किती, रात्री दहानंतर दार उघडतात किती, हे महापालिकेला लेखी विचारा. पण हा प्रश्न विचारायला जाताना 'बेघर महिला' हे सदर पुरेसं नाही. बरोबर येणारी, स्वतः बोलणारी बाई हवी. ती गाडी बोलावणाऱ्यांबरोबर येत नाही. ओळख असलेल्यांबरोबर येते.

म्हणून माझी गटांना मागणी आहे. आपल्या केंद्रातून 'घेऊन जा' हा शब्द हद्दपार करा. भीक प्रतिबंध कायदा रद्द करण्याची मागणी आपल्या जाहीरनाम्यात घ्या. ती फक्त बेघरांच्या संघटनांची जबाबदारी नाही. हक्कसोड पत्राविरुद्धची मोहीम आणि निवाऱ्याची मागणी एकाच पत्रकात मांडा. आणि पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या, स्टेशनबाहेरच्या, देवळाच्या पायरीवरच्या एका तरी बाईशी ओळख करून घ्या. तिचं नाव, तिचं काम आणि तिला काय हवं आहे, एवढं तिच्याच तोंडून ऐकून या. तिची इच्छा असेल तर तिला बैठकीलाच घेऊन या, आणि खुर्ची द्या. जमिनीवर बसवू नका.