अर्थिंग कशासाठी?

हायब्रिड मोटारीला जाड अर्थिंगच्या तारा जोडल्या की मायलेज वाढते, हा प्रचार विज्ञानाच्या नावावर चाललेली फसवणूक आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीचे ऋण टोक बॉडीला मुळातच जोडलेले असते. ती तार गंजली असेल तर बदलावी, शाबूत असेल तर दुसरीने इंधन कसे वाचणार? स्ट्राँग हायब्रिडमधील उच्चदाब परिपथ तर बॉडीपासून मुद्दाम अलग राखलेला असतो. एआयएस-०३८ मानक एकदिश परिपथासाठी दर व्होल्टमागे किमान १०० ओहम विलगन-रोध मागते. धातूच्या कवचाचा बॉडीशी रोध मात्र ०.१ ओहमच्या आत हवा. इन्सुलेशन फाटले तरी दोहोंना एकदम शिवणाऱ्याला झटका बसू नये, एवढ्यासाठी ती जोडणी. नारिंगी केबलशेजारी पाना चालवणाऱ्या कारागिराला हे कोण शिकवतो?