धातूच्या कणांना बुरशीचा वेढा

मोज्यांना वास येऊ नये म्हणून त्यांत चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळले जातात. ही चांदी अखेर जाते कोठे? अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये असे मोजे पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काही जोड्यांतील जवळजवळ सारी चांदी थोड्या धुण्यांतच पाण्यात उतरली. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात हे कण बहुतांशी गाळाबरोबर खाली बसतात आणि तो गाळ अनेक देशांत खत म्हणून शेतात पसरला जातो. वाटेत चांदीचे बरेचसे रूपांतर सल्फाइडमध्ये होऊन तिचा विषारीपणा घटतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. मात्र धातू कुजत नाही. तो साठत जातो.

जमिनीतील बुरशीकडे आशेने पाहिले जाते ते यासाठी. तिच्या पेशीभित्तिकेतील कायटिन धातूचे आयन धरून ठेवते, तर तिने स्रवलेले ऑक्झॅलिक आम्ल काही धातूंना न विरघळणाऱ्या क्षारांत बांधते. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या जेफ्री गॅड यांच्या गटाने २००८ मध्ये याहून पुढचे दाखविले. रणगाडाभेदी गोळ्यांत वापरल्या जाणाऱ्या क्षीण युरेनियमवर बुरशी वाढविली असता त्याची स्थिर फॉस्फेट खनिजे बनली.

परंतु या गुणाला दुसरी बाजू आहे व ती पुण्यातच उजेडात आली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 'फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम' या बुरशीने पाण्यात विरघळलेल्या चांदीपासून चांदीचेच नॅनोकण घडविले. म्हणजे जिच्याकडून कण वेचून घ्यायचे, ती नवे कणही घडवू शकते! शिवाय याच जातीचा एक प्रकार हरभऱ्यावर मर रोग आणतो, हे शेतकऱ्यांना वेगळे सांगावयास नको. तिला शेतात मोकळी सोडणे शहाणपणाचे नाही. मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी त्या मानाने निर्धोक. पण चांदी मुळात विकली जाते ती सूक्ष्मजीव व बुरशी मारणारी म्हणूनच.

त्यामुळे शेतापेक्षा शुद्धीकरण केंद्रातील बंदिस्त टाकी हीच बुरशीची योग्य जागा ठरते. तेथे धातूने लगडलेले कवकजाल गाळून तरी काढता येते. शेतात ते कुजले की बांधलेला धातू पुन्हा मातीतच उतरतो. गाळून काढलेल्या जाळ्यातील धातू परत मिळवायचा की ते जाळून राख पुरायची, याचा हिशेब मात्र टाकी बांधण्यापूर्वीच करावा लागेल.